बंदुकांच्या प्रदर्शनातला शिवणाचा स्टॉल

मी बंदुकांच्या धंद्यात आहे असं म्हटलं की कोल्हापूरच्या आमच्या नातेवाइकांच्या भुवया अजून वर जातात. मग मी सांगते, बंदुका नव्हे हो, जॅकेटं. नेमबाजी करणारी पोरं अंगात घालतात ती, जाड कॅनव्हासची, खांद्याला आणि कोपराला चामडं लावलेली. त्यावर मावशी विचारते, "म्हणजे गोळी लागू नये म्हणून?" नाही मावशी, नेम हलू नये म्हणून. एवढं सांगेपर्यंत चहा गार होतो आणि विषय कुणाच्या तरी लग्नावर जातो.

जयपूरला आम्ही नवऱ्याच्या बदलीमुळे आलो. तो विमा कंपनीत अधिकारी. प्रताप नगरात हाउसिंग बोर्डाच्या वसाहतीत भाड्याचं घर मिळालं. आजूबाजूला सगळे असेच बदलीवर आलेले नाहीतर निवृत्त होऊन राहिलेले. मला शिवणाची आवड लग्नाआधीपासूनची. सांगानेर जवळच, तिथे ठशांच्या छपाईचं कापड हवं तेवढं. मी पिशव्या शिवायला लागले, पर्यटकांच्या एका दुकानाला द्यायला लागले, आणि पुढे सांगानेरलाच एक गाळा भाड्याने घेऊन शेजारच्या दोघी-तिघींना हाताशी घेतलं. दिवसभर छपाईच्या रंगाचा वास आणि मशिनींची घरघर. मला तो काळ आठवला की आधी तो वास आठवतो.

लेक शाळेत एअर रायफल चालवायला शिकली आणि तिथून सगळ्याला वेगळं वळण लागलं. तिच्यासाठी वरच्या वर्गातल्या एका मुलाचं जुनं जॅकेट आणलं होतं. ते तिला कसं बसणार? खांदे दंडावर उतरलेले, छाती आवळलेली. एक दिवस ती घरी येऊन म्हणाली, "आई, मतलब, मी श्वास घेतला ना, की आधी जॅकेट वर जातं आणि मग मी."

मी ते जॅकेट जेवणाच्या टेबलावर घेतलं आणि उसवलं. नवरा ऑफिसातून आला तेव्हा टेबलावर बाह्या वेगळ्या, पाठ वेगळी, अस्तर वेगळं. त्याने मुकाट्याने ताट घेतलं आणि सोफ्यावर बसून जेवला. मी मात्र हरखून गेले होते. आत थर किती, टाके कसे, चामडं कुठून कुठवर. तसलंच एक तिच्या मापाचं शिवलं. शाळेच्या सामन्यात ते चालून गेलं, तिथे कपडे तपासायला कोण येतं? मग रेंजवरच्या आणखी आया विचारायला लागल्या.

खांद्याला, जिथे रायफलीचा दस्ता टेकतो तिथे, न घसरणारं काहीतरी लावावं लागतं. ते मिळेना. रेंजवर कुणीतरी सांगितलं, परकोट्यात एक जुनं बंदुकांचं दुकान आहे, तिथे विचारा. परकोटा म्हणजे जुन्या तटबंदीच्या आतलं शहर. तिथे मी साड्या आणि मसाले घ्यायला जायची. बंदुकीच्या दुकानाची पायरी चढताना चप्पल काढावी की नाही हेही मला कळेना.

दुकान अरुंद होतं. दोन्ही बाजूंना काचेची कपाटं, आत दुनाळी बंदुका ओळीने उभ्या, सगळ्यांमधून एक साखळी ओवलेली. गादीवर एक म्हातारे गृहस्थ, पांढऱ्या मिशा, अंगात बंडी. सगळा बाजार त्यांना काकोसा म्हणायचा, म्हणजे आपल्याकडचे काका. पुढे मीही तेच म्हणायला लागले. ते माझ्याशी हिंदीत बोलायचे, मध्येच त्यांची ढुंढाडी, म्हणजे जयपूरकडची बोली, यायची. इथे मी ते माझ्या भाषेत लिहिते.

"बोला बाईसा. नवी हवी की दुरुस्ती?"

"बंदूक नको. खांद्याला लावायला रबर हवंय."

त्यांनी डावा कान पुढे केला. उजव्या कानाने त्यांना कमी ऐकू यायचं. तरुणपणी दुरुस्त केलेली प्रत्येक बंदूक ते स्वतः उडवून बघायचे, त्याची ती भेट. मी पुन्हा सांगितलं, पिशवीतून जॅकेट काढून दाखवलं. त्यांनी ते घेतलं, उलटं केलं आणि बाहेरची बाजू न बघता आतली शिवण बोटाने चाचपत बसले.

"कुणी शिवलंय?"

"मी."

"कुठे शिकलात?"

"हे असं कुठेच नाही. ब्लाउज शिवायला शिकले होते."

ते मनापासून हसले. आतून रबराच्या पट्ट्यांचा एक गठ्ठा आला, चहा आला, आणि मी दुपारभर तिथे बसले.

नंतर मी महिन्यातून एखादी चक्कर मारायचीच. रबर हे निमित्त. आईवडील दूर, सासर दूर, आणि परक्या गावात कुणीतरी आपल्याला "आज तोंड का उतरलंय" असं विचारणारं असावं लागतं. काकोसा विचारायचे. त्यांच्या घरून वरच्या मजल्यावरून कढी-कचोरी यायची. त्यांच्या सूनबाई ती घेऊन खाली यायच्या आणि उभ्या उभ्या दोन शब्द बोलून जायच्या.

त्यांचा धंदा बसत चालला होता हे मला हळूहळू कळलं. नवे परवाने फारसे निघत नाहीत. जुने परवानाधारक म्हातारे झाले, त्यांच्या मुलांना बंदुकीची कटकट नको. निवडणूक आली की मात्र दुकान भरून जायचं, कारण तेव्हा लोकांना आपली हत्यारं ठाण्यात नाहीतर परवानाधारक दुकानात जमा करावी लागतात. अशा दिवसांत ते म्हणायचे, "मी विकणारा होतो बाईसा. आता दुसऱ्यांच्या बंदुकांचा चौकीदार झालोय." बोलताना तक्रारीचा सूर नसायचा. पण वाक्य संपलं की ते रस्त्याकडे बघत बसायचे.

एका हिवाळ्यात त्यांनी सांगितलं की जयपुरातच सीतापुराच्या बाजूला मोठ्या हॉलमध्ये बंदुकांच्या व्यापाऱ्यांचं प्रदर्शन भरतंय. देशभरातले विक्रेते येणार, कारखानेवाले येणार, नेमबाजीचं सामान आणणारे येणार.

"तुम्ही स्टॉल घ्या," ते म्हणाले.

"मी तिथे काय करू काकोसा? तिथे सगळ्या बंदुका असणार."

"असणारच. पण बंदूक काही आपली आपण उभी राहत नाही. तिला माणूस लागतो, आणि माणसाला कपडे लागतात."

नवऱ्याला हे पटलं नाही. "पिशव्यांच्या प्रदर्शनात जा की," तो म्हणाला. "तिथे बायका असतात, तुझं गिऱ्हाईक असतं. इथे तुला कोण विचारणार?" त्याचं म्हणणं चुकीचं होतं असं मला तेव्हाही वाटलं नाही. पण जॅकेटं शिवायला लागल्यापासून पिशव्यांत माझं मन लागत नव्हतं. सरळ शिवण मारून संपणारं काम आणि माणसाच्या अंगावर बसवायचं काम यांत फरक असतो. मी सगळ्यात लहान स्टॉल घेतला.

आणि तो रुखवतासारखा मांडला. निळ्या छपाईची चादर, कडेला झेंडूची माळ, पितळेच्या वाटीत पेढे. मध्ये पुतळ्याच्या अंगात जॅकेट. उरलेल्या जागेत दोन-चार पिशव्याही ठेवल्या, म्हटलं, असू देत. सजवून झाल्यावर मी लांब उभी राहून बघितलं आणि माझी मलाच कौतुकाची उबळ आली. मग शेजारी वळून पाहिलं. तिथे बंदुकीवर बसवायच्या दुर्बिणी विकणाऱ्यांचा भलामोठा स्टॉल, काळा रंग, भिंतीएवढा पडदा, त्यावर सतत चाललेले धडाम धुडुम आवाज. त्याच्या कडेला माझा स्टॉल म्हणजे लग्नाचा मांडव चुकून छावणीत पडल्यासारखा दिसत होता.

पहिला दिवस मी खुर्चीवर बसून काढला. लोक यायचे, पेढा घ्यायचे, पाण्याची सोय कुठे आहे ते विचारायचे. एकाने पिशवी बघितली आणि बायकोसाठी घेतली. एका गृहस्थांनी जॅकेटाला हात लावून विचारलं, "साहेब कुठे गेले?"

"कोणते साहेब?"

"या स्टॉलचे."

"स्टॉल माझा आहे," मी म्हटलं. ते ओशाळले, कार्ड ठेवून निघून गेले. मी रिक्षाने घरी आले तेव्हा गाल दुखत होते. दिवसभर हसरा चेहरा ठेवणं हेही कष्टाचं काम आहे. लेकीने विचारलं, "कितने लोग आले, आई?" मी म्हटलं, पुष्कळ. आणि ते खरंही होतं.

दुसऱ्या दिवशी काकोसा आले. साफा बांधून, कोट घालून. त्यांनी स्टॉलकडे पाहिलं, एक पेढा घेतला, माझ्या खुर्चीवर बसले आणि म्हणाले, "आता तुम्ही जा."

"कुठे जाऊ?"

"फिरा. इथे मी बसतो. दुपारपर्यंत काहीही विकायचं नाही. प्रत्येकाला एकच विचारायचं, तुमची अडचण काय आहे. आणि गप्प राहून ऐकायचं. गप्प राहणं जमेल ना?"

"आणि कुणी जॅकेटाचं विचारलं तर?"

"तर सांगा, दुपारनंतर या. ज्याला खरंच हवं असेल तो येईल."

मी निघाले. खरं सांगायचं तर मला भीती वाटत होती. इतकी हत्यारं मी एका जागी कधी पाहिली नव्हती. काही तरुण मुलं काउंटरवरची रायफल खांद्याला लावून एकमेकांचे फोटो काढत होती. एका ठिकाणी बायकांच्या पर्समध्ये मावेल असं पिस्तूल मला दाखवायला एक मुलगी पुढे आली. तिची ती मऊ भाषा आणि हातातली ती वस्तू यांचा मेळ मला बसवता येईना. आपण ज्या वाटेने आलोय ती कुठे कुठे जाते हे त्या दिवशी मला पहिल्यांदा दिसलं. माझ्या लेकीची कागदावर छिद्र पाडणारी छऱ्याची रायफल आणि हे सगळं एकाच छपराखाली होतं. मी थोडा वेळ चहाच्या टपरीपाशी उभी राहिले. मग मनाशी ठरवलं की आपल्याला फक्त खेळाच्या बाजूचं बघायचं आहे. तो नियम मी आजवर पाळला आहे. पुढे एका मोठ्या विक्रेत्याने पिस्तुलांचे पट्टे शिवायला विचारलं, तेव्हा मी नाही म्हटलं. त्याला कारण कळलं नसावं.

विचारत गेले तसं लोक बोलत गेले. अडचण विचारली की माणूस उठून तुम्हाला स्वतःची खुर्ची देतो. एक रेंजवाले म्हणाले, बाहेरच्या देशातून येणारी जॅकेटं इथल्या उन्हात घालवत नाहीत, पोरं घामाने निथळतात. एका दुकानदाराने सांगितलं, माप चुकलं की माल परत पाठवता येत नाही. एका पोरसवदा विक्रेत्याने आपल्याच मालातल्या सगळ्या उणिवा मला सांगून टाकल्या.

मध्येच लेकीचा फोन आला. मी कोपऱ्यात जाऊन बोलले, "अगं, डबा खाल्लास का? वरण तसंच ठेवू नकोस बघ." फोन ठेवला तर मागून आवाज आला, "कोल्हापूर का सांगली?"

वळून बघितलं. कडक इस्त्रीचा शर्ट, बारीक केस, ताठ मान. फौजी माणूस लांबूनच ओळखू येतो.

"कोल्हापूर," मी म्हटलं. "आणि तुम्ही?"

"साताऱ्याकडचा. सुभेदार होतो. आता चौमूंला असतो, मंडळी इकडचीच आहे." चौमूं म्हणजे सीकरच्या रस्त्यावरचं बाजाराचं गाव. तिथे एका कोचिंग क्लासच्या वर त्यांनी एअर रायफलची छोटी रेंज काढली होती. "मराठी कानावर पडलं आणि पाय थबकला बघा. तुम्ही इथं कशा?"

मी सांगितलं. त्यांनी ऐकलं. मग मी काकोसांनी सांगितलेला प्रश्न विचारला.

"अडचण?" सुभेदार म्हणाले. "माझ्याकडं निम्म्या पोरी हायत. शेतकऱ्यांच्या, दुकानदारांच्या. रेंजचं एक जॅकेट, तेच आलटून पालटून घालतात. ते शिवलंय गड्याच्या मापाचं. पोरीच्या अंगात ते उभंच राहत नाही. नेम धरायचा का जॅकेट धरायचं?"

"बाजूला पट्टे लावले तर? हवं तसं आवळता येईल."

"पट्टा चालत नाही ताई, नियमात नाही. प्रत्येकीच्या मापाचंच पाहिजे."

मला तेव्हा कळलं की नियम असतात. म्हणजे असतील असं वाटलं होतं, पण ते किती आणि कुठले हे मी कधी कुणाला विचारलंच नव्हतं. सुभेदार म्हणाले, "चला, तुमचं जॅकेट तरी बघू." परत जाताना वाटेत परदेशी जॅकेटं विकणाऱ्यांचा स्टॉल लागला. तिथे एक निवृत्त अधिकारी बसले होते. स्पर्धांमध्ये खेळाडूंचे कपडे तपासण्याचं काम त्यांनी बरीच वर्षं केलं होतं. त्यांच्यापुढे तपासणीची यंत्रं मांडलेली, एक कापडाची जाडी मोजणारं, दुसरं ताठपणा मोजणारं. सुभेदारांची आणि त्यांची ओळख होती. सुभेदार म्हणाले, "साहेब, आमच्या गावाकडच्या ताईंनी जॅकेट शिवलंय. जरा लावून बघता का?"

मी धावत जाऊन पुतळ्याच्या अंगातलं जॅकेट काढून आणलं. काकोसाही मागोमाग आले. आजूबाजूला माणसं जमली.

अधिकाऱ्यांनी पाठीचा भाग यंत्रात धरला. काटा बघितला. मग बगलेजवळचा भाग, मग चामडं आणि कॅनव्हास एकमेकांवर येतात तो जोड. शेवटी चष्मा काढून म्हणाले, "मॅडम, हे कुठल्याही मोठ्या स्पर्धेत बाद होईल. जोडावर जाड आहे. पाठीत ताठ आहे, तुम्ही दोन थर चिकटवलेत."

माझे कान तापले. त्या परदेशी जॅकेटांच्या विक्रेत्याने सभ्यपणे दुसरीकडे पाहिलं, आणि ते हसण्यापेक्षा जास्त लागलं. जमलेली माणसं पांगली. नवरा म्हणाला होता ते खरंच होतं, पिशव्यांच्या प्रदर्शनात जायला हवं होतं, असं मनात आलं. डोळ्यांत पाणी येऊ नये म्हणून मी जॅकेटाची घडी घालायला घेतली.

काकोसांनी माझ्या हातावर हात ठेवून घडी थांबवली. अधिकाऱ्यांना म्हणाले, "साहेब, बाकी काम कसं आहे?"

"बाकी?" त्यांनी जॅकेट पुन्हा ओढून घेतलं. "कापड चांगलं आहे. शिवण तर फारच चांगली. खांद्याचा आकार इतका बरोबर मी क्वचित बघितलाय. यांना नियम कुणी सांगितले नाहीत, एवढंच."

"मग सांगा ना," काकोसा म्हणाले. "चहा घेऊ, तोवर सांगा."

मी पर्स उघडली. शिवणाऱ्या बाईच्या पर्समध्ये खडू असतोच. तो मी त्यांच्या हातात दिला आणि म्हटलं, "साहेब, जिथे जिथे चुकलंय तिथे खूण करा." त्यांनी माझ्याकडे पाहिलं, खडू घेतला आणि एकेक जागा दाखवत रेघा ओढायला सुरुवात केली. इथे एकच थर हवा. इथे चामडं अलीकडेच थांबवायचं. इथे बटणांची पट्टी एवढीच चढू द्यायची. सुभेदार वाकून बघत होते, मी बघत होते, काकोसा डावा कान पुढे करून बसले होते. चहा दोनदा आला. त्या दुपारी मी जे शिकले ते मला कुठल्या वर्गात बसून वर्षभरात कळलं नसतं.

शेवटच्या दिवशी सकाळी मी झेंडूची माळ काढली, पेढ्यांची वाटी काढली, पिशव्या टेबलाखाली सरकवल्या. पुतळ्याच्या अंगात ते खडूच्या रेघांनी भरलेलं जॅकेट चढवलं आणि स्टॉलच्या अगदी पुढे उभं केलं.

काकोसांना ते आवडलं नाही. "बाईसा, खोटा माल कुणी दारात टांगतो का? ऐंशीला टेकलो मी, असलं दुकान पाहिलं नाही."

"राहू द्या काकोसा. माझ्याकडे दाखवायला दुसरं आहे तरी काय?"

ते नाराज होऊन कोपऱ्यात बसले. पण लोक थांबायला लागले. या रेघा कसल्या, असं विचारायला लागले. मी सांगायची, इथे जाड झालंय, इथे ताठ झालंय, काल तपासून घेतलं, आता बदलणार आहे. एक आई आपल्या मुलीला घेऊन आली होती. तिने आपल्या मुलीचं जॅकेट उघडून आत बघितलं आणि म्हणाली, "हे तपासलेलं आहे का हे आम्ही दुकानात विचारलंच नाही." एका क्रीडा प्रबोधिनीचे प्रशिक्षक बराच वेळ उभे राहिले. जाताना म्हणाले, "सुधारलं की पहिलं मला पाठवा. आपली चूक दाखवणारा माणूस नंतर लपवाछपवी करत नाही."

दुपारी मी वळून पाहिलं तर काकोसा कुणालातरी पुतळ्यापाशी उभं करून, बोटाने रेघा दाखवत, जाडी आणि ताठपणा समजावून सांगत होते. माझ्याकडे त्यांनी मुद्दाम पाहिलं नाही.

परत जाताना त्यांच्या जुन्या गाडीत ते म्हणाले, "आता झोपायच्या आधी सगळं फोनमध्ये बोलून ठेवा. कोण भेटलं, काय म्हणालं. आणि आठवड्याच्या आत प्रत्येकाला फोन करा. लोकांना वाटतं प्रदर्शन संपलं. खरं ते घरी गेल्यावर सुरू होतं. चेहरा आठवतोय तोवर तुम्ही माणूस, नंतर नुसतं कार्ड." मी टोंक रोडवरच्या गर्दीत, गाडी थांबत थांबत चाललेली असताना, फोनमध्ये बोलत गेले. काही विसरले की ते आठवण करून द्यायचे.

मी सगळ्यांना फोन केले. काहींनी ओळख दाखवली, काहींनी नाही. जॅकेट सुधारायला जवळजवळ हिवाळा संपला. अधिकारी साहेब आपली यंत्रं घेऊन सांगानेरच्या गाळ्यात आले. पहिलं जॅकेट पुन्हा बाद झालं, त्यानंतरचंही. मग एक दिवस त्यांनी काटा बघितला, चष्मा काढला आणि नुसती मान डोलावली. मशीनवरच्या बायकांनी काम थांबवलं होतं. त्यांच्यातल्या सगळ्यात थोरल्या बाईने उठून साहेबांच्या हातात गजकाचा, म्हणजे इकडच्या तिळाच्या वडीचा, तुकडा दिला.

सुभेदारांच्या पोरींची मापं घ्यायला मी चौमूंला गेले. त्यांच्या मंडळींनी बाजरीची भाकरी आणि ठेचा वाढला. ठेचा साताऱ्याचा, हात राजस्थानी, आणि दोन्हीकडची चव त्यात जराशी चुकलेली. पोरी लाजत लाजत हात पसरून उभ्या राहायच्या. आपल्या एकटीच्या मापाचं काही शिवलं जातंय याचंच त्यांना अप्रूप होतं. एकीने मला विचारलं, "मॅडम, ये सिर्फ मेरा होगा?"

नवऱ्याची बदली पुण्याला झाली तेव्हा घरात पहिल्यांदा खरा पेच पडला. दरवेळी त्याची बदली म्हणजे आमची बदली. त्या संध्याकाळी तो गच्चीवर बराच वेळ उभा होता. आत येऊन म्हणाला, "तू राहा. मी येत जाईन. हा गाळा उचलून नेता येणार नाही." आमच्या संसारात त्याने मला दिलेल्या गोष्टींत ही सगळ्यात मोठी, असं मी मानते. लेकीने नेमबाजी कॉलेजात सोडली. आता ती वेगळंच काही शिकते आणि मला त्याचं वाईट वाटत नाही. जॅकेटं मात्र कोल्हापूरपर्यंत जायला लागली.

काकोसांनी दुकानाच्या दर्शनी काचेत माझं जॅकेट लावलं. मग छऱ्यांचे डबे आले, एअर रायफली आल्या, निशाण्याचे कागद आले. सूनबाई वरून खाली आल्या त्या खालीच बसायला लागल्या. शाळेतली मुलं दुकानात दिसायला लागली. स्पर्धा जिंकून आलेली एक मुलगी पदक दाखवायला आली, त्या दिवशी मी तिथे होते. काकोसांनी ते हातात घेतलं, सूनबाईंना दाखवलं, समोरच्या दुकानदाराला बोलावून दाखवलं. मुलगी गेल्यावर म्हणाले, "बंदूक घेऊन गेलेलं गिऱ्हाईक पुन्हा येतं ते दुरुस्तीला. तिचं काय केलं हे कुणी सांगत नाही, आणि आम्हीही विचारत नाही. आयुष्यभर मी न विचारता विकलं. ही पोरगी आपणहून सांगायला आली."

काकोसा गेले त्याला आता काही काळ झाला. थंडीचे दिवस होते. मी पोचले तेव्हा बाजार बंद होता आणि समोरचा दुकानदार रस्त्यावर खुर्ची टाकून एकटा बसला होता. त्याने मला खुर्ची दिली आणि स्वतः पायरीवर बसला.

दुकान आता सूनबाई चालवतात. निवडणुकीत लोकांच्या बंदुका ठेवून घेणं त्यांनी बंद केलं आहे. यंदाच्या प्रदर्शनात आम्ही दोघींनी मिळून स्टॉल घेतला. आदल्या दिवशी मांडामांड करताना त्यांनी विचारलं, "दीदी, तुम्ही बसणार की मी?" मी म्हटलं, आलटून पालटून. आणि आधी त्यांना फिरायला पाठवलं.